शेवटचा अंगठा

६ फेब्रुवारी

आज कारखाना पुन्हा सुरू केला. नोंद ठेवायची ठरवली आहे. सदुसष्टाव्या वर्षी नवं काम काढणाऱ्या बाईला लोक आधी हसतात आणि नंतर विचारतात, नेमकं काय काय झालं हो? तेव्हा लेखी असलेलं बरं.

कारखाना म्हणजे पुढे एक लांब खोली, मागे एक छोटी. पुढे उत्तरेच्या खिडकीखाली बाबांचं बाक, ठसे मारायचा प्रेस आणि पॉलिशचं चाक. मागे लॅकरचं काम, म्हणजे पितळ काळं पडू नये म्हणून द्यायच्या पारदर्शक लेपाचं, कारण त्याला धूळ चालत नाही. बाबा खोटे दागिने करायचे आणि तसंच सांगायचे. इमिटेशन वगैरे शब्द त्यांना खपत नसत. ते गेल्यावर अकरा वर्षं मिस्त्रींनी किरकोळ दुरुस्त्यांवर दिवा तेवता ठेवला. मी शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसून भिंती मोजत होते.

आता संग्रहालयाच्या दुकानाला बाबांचं 'पान' हवं आहे. पितळी पानाचा ब्रोच, टोकाला दवबिंदूसारखा एक काचेचा खडा. दोनशे नग, पन्नास-पन्नासाचे चार लॉट. अट एकच: जुने ठसे, जुनी पद्धत. पसंत पडलं तर कायमचं काम मिळेल. नाही पडलं तर या खोल्या बंद.

माणसं दोन. मिस्त्री विसाव्या वर्षी बाबांकडे लागले, आता सत्तरीला टेकले आहेत. लॅकरचा ब्रश धरला की हात अजून थरथरत नाही. दुसरी पॉलिशवाली, मिस्त्रींनीच आणलेली. पस्तिशीची, दोन मुलींची आई, एकटी कमावती. तोंडानं फटकळ.

"ताई, तुम्ही स्वतः बाकावर बसणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"मग काय कपाटावर बसू?"

पॉलिशवाली फिस्सकन हसली. मी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा हसली नाही.

८ फेब्रुवारी

दिवसभर जुन्या ड्रॉवरांची यादी. काचेचे खडे, मागे चांदीचा वर्ख लावलेले. ज्यांच्या मागे ओल शिरली ते मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखे झाले आहेत. खोटे मोती: काचेच्या मण्यावर माशाच्या खवल्यांचा मुलामा. काहींचा मुलामा साल सुटल्यासारखा सुटतो. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, फुलं वेगळी काढली. ती म्हातारी झाली की घाम सोडतात आणि शेजारच्यांनाही नासवतात. ओळखायला अंगठ्यानं घासून गरम करायचं आणि हुंगायचं. कापराचा वास आला की सेल्युलॉइड. दुधापासून करतात त्या बटणांना करपलेल्या दुधाचा वास येतो. पॉलिशवाली म्हणाली की तिच्या जुन्या मालकाकडे सुई तापवून टोचायचे.

"मग सेल्युलॉइड हातात भडकलं नाही?"

"भडकलं ना. म्हणून तर तो जुना मालक."

बाई कामाची आहे.

११ फेब्रुवारी

पहिला लॉट झाला. पद्धत लिहून ठेवते.

पत्र्यावर ठसा मारायचा, कडा घासायच्या, चाकावर पॉलिश करायचं. खडा बसवला की माल बाकावर येतो आणि घरच्या माणसानं त्यावर शेवटचा अंगठा फिरवायचा. उघडा अंगठा, पानाच्या पाठीवर, देठापासून टोकापर्यंत. खरखर लागली तर माल परत चाकावर. नाही लागली तर कोरडं फडकं मारून लॅकरला. बाकी सगळ्यांनी हातमोजे घालायचे. शेवटच्या अंगठ्याला मात्र मोजा नाही, मोज्यातून काय कळणार? बाबा म्हणायचे, ठसा यंत्राचा असतो, पसंती अंगठ्याची.

कॉलेजच्या पहिल्या मोठ्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा त्यांनी मलाच बसवलं. 'शिकलेल्या मुलीचा हात स्वच्छ असतो' म्हणाले. आज अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच जागी बसले. पन्नास पानं. अंगठा विसरला नव्हता.

१७ फेब्रुवारी

माळ्यावर एक पत्र्याचा डबा सापडला. झाकणाभोवती बाबांनी चिकटपट्टी गुंडाळलेली. उघडताना झाकणाची धार उजव्या अंगठ्याला आडवी लागली, चांगली खोल. डॉक्टरांनी दोन टाके घातले आणि दहा दिवस पट्टी काढायची नाही म्हणून बजावलं. तोवर तपासणी भिंगानं करीन.

डब्यात बारा पानं होती. प्रत्येकाच्या पाठीवर तपकिरी काळा अंगठा. लॅकरच्या थराखाली, रेषा न् रेषा दिसतेय असा. काचेखाली दाबून ठेवल्यासारखा. वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: 'धाकटी. हात आंबट. मालाला लावू नये.'

हे आता लिहायलाच हवं.

काही माणसांचा घाम धातूला लागतो. त्यांनी पितळेला हात लावला की लगेच काही दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी जिथे बोट टेकलं तिथेच डाग उठतो. मधे लॅकर दिलं असेल तर डाग त्याच्या खाली उठतो आणि मग तो माल भंगार. या धंद्यात त्याला आंबट हात म्हणतात. एकदा तसं नाव पडलं की दुसऱ्या कारखान्याचं दार उघडत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा हात आंबट निघाला. ती सतरा वर्षांची होती, मी एकोणीस. ती बाकाशेजारी तीन पायांच्या स्टुलावर बसून मालाला फडकं मारायची. त्या सुट्टीनंतर मी कॉलेजला परत गेले आणि इकडे पूर्ण लॉटवर अंगठे उठले. बाबांनी मला पत्रानं विचारलं: ती मालाला हात लावताना दिसली होती का? मी उत्तर दिलं, होय, एकदा ब्रोच लावून आरशात बघताना दिसली होती. ते खरंच होतं. बाबांनी तिला मावशीकडे पाठवून दिलं. तिथे सहा महिन्यांत ती तापानं गेली.

मी खरं तेच लिहिलं होतं.

२१ फेब्रुवारी

पहिल्या लॉटवर अंगठे उठले आहेत.

पन्नासच्या पन्नास पानांवर, पाठीवर, लॅकरच्या खाली. सकाळी पेटीचं झाकण काढलं आणि क्षणभर वाटलं, माळ्यावरचाच डबा कुणी इथे आणून ठेवला आहे. मिस्त्री माझ्यामागे उभे होते.

पॉलिशवालीला समोर उभं केलं.

"हातमोजे काढून काम केलंस?"

"चाकावर हातमोजे काढले तर बोट जाईल माझं. वेडी आहे का मी?"

"मग हे काय आहे?"

ती पेटीकडे बघत राहिली. "बाई, मी वर्षभर दुसरीकडे पितळच घासत होते. कधी एक डाग नाही. विचारा त्यांना."

"मी तुला विचारते आहे."

चांगली खडसावली. मिस्त्री म्हणाले, "ताई, पुढचा लॉट अंगठा न फिरवता पाठवून बघू का?" मी म्हटलं, बाबांची पद्धत मोडायची असेल तर ऑर्डरच कशाला घ्यायची? तशीही माझ्या अंगठ्याला पट्टी आहे. भिंगानं बघतेच आहे.

पहिला लॉट भंगारात. नवे पन्नास मारावे लागतील.

४ मार्च

पट्टी असताना तपासलेला दुसरा लॉट आज नीट पाहिला. दहा दिवस होऊन गेले. एकही डाग नाही. लख्ख. ओरडा कामी आला. शाळेतही माझा हाच अनुभव आहे, माणूस एकदा नीट बोलला की वर्ग सुधारतो.

मागच्या महिन्यात टाके काढले. अंगठ्यावर आडवी रेघ राहिली आहे, पण स्पर्श पूर्ण परत आला. तिसरा लॉट एक तारखेलाच माझ्या अंगठ्याखालून गेला. भिंगापेक्षा अंगठा कितीतरी चांगला.

एक किरकोळ गोष्ट. तीन पायांचं स्टूल मी पहिल्याच दिवशी मागच्या खोलीत ठेवलं होतं. आज ते बाकाशेजारी होतं. मिस्त्री म्हणाले, मी नाही. पॉलिशवाली म्हणाली, मला काय स्टुलांची हौस? परत आत ठेवलं.

११ मार्च

तिसऱ्या लॉटवर अंगठे.

भिंगाखाली धरले. या वेळी प्रत्येक ठशात मधोमध एक आडवी रेघ आहे, शेत नांगरताना कुणी बांध घातल्यासारखी. पॉलिशवालीचे दोन्ही अंगठे पाहिले. रेघ नाही. पण ती काहीही करू शकते, दोऱ्याचा वळ पाडता येतो.

"बाई, मी कशाला दोरा गुंडाळीन? मला पगार नकोय का?"

"उद्यापासून येऊ नकोस."

तिनं हातमोजे काढून बाकावर ठेवले, एकावर एक, नीट. "काढायचं तर काढा. पण आंबट हात म्हणून काढू नका. तो शब्द बाहेर गेला तर मला भांडी घासायलाही कुणी पितळेची देणार नाही."

ज्या कारखान्यात ती आधी होती त्यांना मी फोन करून सावध केलं. कर्तव्य म्हणून. फोन ठेवताना हात गार पडला होता. खोलीत गारठा आहे, खिडकीची फट बुजवायला हवी.

धाकटीला एकदा पत्रा कापायची कात्री लागली होती ना? कुठल्या हाताला, ते आठवत नाही.

१३ मार्च

चौथा लॉट. आता कारखान्यात मिस्त्री आणि मी, दोघंच. पॉलिश मिस्त्रींनीच केलं, सावकाश. मी अंगठा फिरवला, फडकं मारलं. काम चालू असताना दोन वेळा मला वाटलं की उजव्या बाजूला कुणीतरी पुढचं पान घ्यायला हात पुढे केला आहे. मी पान त्या बाजूला सरकवलंसुद्धा. तिथे कुणी नव्हतं. जुनी सवय, एवढंच.

स्टूल परत बाकाशेजारी आहे. राहू दे. सारखं काय उचलायचं.

२२ मार्च

चौथ्यावरही उठले. तेच अंगठे, तीच रेघ.

मी शास्त्राची शिक्षिका होते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं केलेलं आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: पॉलिशवाली नव्हती. मिस्त्रींनी बाबांकडे आयुष्य काढलं, त्यांचा हात साऱ्या गावाला माहीत आहे. दाराला कुलूप, किल्ली माझ्याकडे. लॅकरच्या खाली पोचायचं तर लॅकरच्या आधी तिथे असायला हवं. बाकाशी. माझ्या शेजारी. मग कोण उरतं?

दुपारी फडकं चौकोनी घडी घालून ठेवलं होतं. थोड्या वेळानं पाहिलं तर त्याची त्रिकोणी घडी होती, एक टोक बाहेर, धरायला. तशी घडी ती घालायची. मी म्हटलं, मोठ्यानं, रिकाम्या खोलीत, "का गं येतेस? मालाला हात लावू नकोस असं बाबांनी सांगितलं होतं ना?"

मागच्या खोलीत मिस्त्रींच्या ब्रशचा आवाज थांबला. बऱ्याच वेळानं परत सुरू झाला.

२३ मार्च

पॉलिशवाली आली. आत यायला तयार नव्हती, उंबऱ्यातच उभी.

"त्यांनी मला परत घेतलं नाही. तुमचा फोन आला होता म्हणाले. आणखी दोन ठिकाणी गेले, तिथे माझ्याआधी बातमी पोचलेली. चिठ्ठी द्या, बाई. माझा हात आंबट नाही असं लिहून द्या."

"पुराव्याशिवाय मी काही लिहून देत नाही."

"मग घ्या पुरावा. तुम्ही शाळेत प्रयोग करायचात ना? करा माझ्यावर."

योग्य बोलली. मी पितळेच्या एकसारख्या पट्ट्या कापल्या, तिघांदेखत घासून स्वच्छ केल्या. तिनं अंगठा दाबला. मिस्त्रींनी दाबला.

"आता तुमचा," ती म्हणाली.

"माझा कशाला?"

"वर्गात बाई फळ्यावर लिहून दाखवायच्या की नाही आधी?"

मिस्त्री जमिनीकडे बघत होते. म्हटलं, ठीक आहे, तुलनेसाठी एक पट्टी असलेली चांगलीच. दाबला. मिस्त्रींनी तिन्ही पट्ट्यांना मालासारखंच लॅकर दिलं, वाळल्यावर कागदात गुंडाळून पेटीत ठेवल्या. पेटी पॉलिशवालीनं दोरीनं बांधली, गाठीवर स्वतः लाख ओतली. दहा दिवस.

ते दोघं गेल्यावर एक काम केलं, ते इथे लिहायची लाज वाटते आहे, पण लिहायचं ठरवलं आहे. चौथी पट्टी कापली. हातमोजे घालून घासली, चिमट्यानं धरून तीन पायांच्या स्टुलावर ठेवली. कागद नाही, लॅकर नाही. उघड्या पितळेवर डाग लवकर उठतो. म्हटलं, तुझीही परीक्षा होऊ दे.

मग कुलूप लावलं. परीक्षा होईपर्यंत कारखाना बंद. किल्ली माझ्या कपाटात.

२९ मार्च

संग्रहालयाच्या दुकानातून फोन. पन्नास चांगले पोचले, बाकीचे कधी? सांगितलं, एक अडचण शोधते आहे. ती बाई हसली आणि म्हणाली, जुन्या गोष्टींत अडचणीच जास्त असतात. मला हसू आलं नाही.

आज भाजी चिरताना थांबले आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले. रेघ अजून लालसर आहे. टाक्यांच्या जागी दोन ठिपके. काय विचार करत होते ते आता आठवत नाही. भाजी करपली.

२ एप्रिल

सकाळी दहा वाजता तिघांनी मिळून कुलूप काढलं. पॉलिशवालीनं लाख तपासली, मग गाठ सोडली.

तिची पट्टी स्वच्छ. मिस्त्रींची स्वच्छ.

तिसरीवर अंगठा होता. तपकिरी काळा, रेषा न् रेषा. मधोमध आडवी रेघ आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन बारीक ठिपके.

मी पट्टी दारापाशी उजेडात नेली. मग कपाटातून बाबांचा डबा काढला. बारांतलं एक पान घेतलं आणि उजवा अंगठा त्यावरच्या अंगठ्यावर ठेवला. तेव्हा रेघ नव्हती, एवढाच फरक. बाकी कुठेही उणं नाही, अधिक नाही. झाकण बरणीवर बसावं तसा बसला.

"मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, ताई. वाटायचं." ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "धाकटी पान कडेला धरून फडकं मारायची. दोन नखांत. पाठीला तिचा अंगठा कधी लागायचाच नाही. पण मालकांच्या थोरलीवर बोट कोण ठेवणार? मी नवा होतो. त्या तुमच्या पत्रानंतर तर बोलायला काही उरलंच नाही."

पॉलिशवाली माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, आता ही ऐकवेल, आणि तिनं ऐकवायला हवंच होतं. ती म्हणाली, "पुसून जात नाही का हो बाई ते?"

"लॅकरखाली आहे. नाही जात."

फोन तिच्यासमोर लावला. तिचा जुना कारखाना, आणि जिथे जिथे ती गेली होती ती दोन्ही ठिकाणं. तिन्हीकडे तेच वाक्य सांगितलं: तिचा हात स्वच्छ आहे, आंबट हात माझा आहे. पहिल्या ठिकाणी दोनदा सांगावं लागलं. चिठ्ठीही लिहून दिली. तिनं ती वाचली, घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाली, "इथलं चाक अजून मिस्त्रीच चालवणार आहेत का? त्यांना रात्रभर पाठ धरते." म्हणजे ती येते आहे.

शेवटचा अंगठा यापुढे तिचा. घरच्याचाच असावा असा नियम बाबांचा होता, आणि बाबांच्या नियमांनी काय केलं ते डब्यात आहे. डब्यातल्या बाबांच्या चिठ्ठीवरचं 'धाकटी' खोडलं, वर 'थोरली' लिहिलं. खाली तारीख घातली.

ते दोघं चहाला बाहेर गेले तेव्हा मला चौथी पट्टी आठवली.

स्टूल बाकाशेजारीच होतं. दहा दिवसांची धूळ सगळीकडे सारखी बसली होती: बाकावर, प्रेसवर, स्टुलावर, पट्टीवर. जमिनीवर फक्त आमच्या सकाळच्या पावलांचे ठसे, आणि त्यांतलं एकही स्टुलापाशी गेलेलं नव्हतं.

पट्टीवरही धूळ होती, फक्त मधे अंगठ्याएवढी जागा मोकळी होती. लांबट, टोकाला निमुळती, माझ्यापेक्षा लहान. भिंग घेऊन वाकले. त्या जागी फिकट रेषांचा नुसता भास होता, आणि त्यांच्याखाली पितळ लख्ख. एकही डाग नाही.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ते दोघं परत येईपर्यंत तशीच उभी राहिले.